राडारोडा आणि सासूबाई

मुंबईच्या उपनगरांत तळघर म्हणावं असं एकच आहे, ते अंधेरीला. त्याला सबवे म्हणतात. जोराच्या पावसात तो भरतो, पोलीस दोन्ही तोंडांना अडथळे लावतात आणि अंधेरी पूर्व व अंधेरी पश्चिम ही दोन स्वतंत्र राष्ट्रं होतात. जमिनीखाली नेलेली गोष्ट जून ते सप्टेंबर पाण्याखाली जाणार हे ठरलेलंच असेल, तर राहत्या घराखाली आणखी एक खोली कोण खणेल? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तेव्हा तर अनेकांचे तळमजलेसुद्धा तळघरांत जमा झाले होते. शिवाय खणायचं म्हटलं तरी खाली काळा पत्थर. अंधेरीचीच गिल्बर्ट हिल बघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा साठेक मीटरचा सुळका, डोक्यावर गावदेवी घेऊन उभा. आजूबाजूला एवढी बांधकामं झाली, तरी तो कुणाला ऐकलेला नाही. आमच्या मुलुंड पूर्वेला पत्थराची काळजी नाही, कारण आमच्या रस्त्याचं नावच मिठागर रोड आहे. इथे खणलं तर पत्थराच्या आधी खाडीच वर येऊन विचारपूस करेल.

नव्या टॉवरांना तळघरं असतात, एकाखाली एक दोन-दोनसुद्धा, पण ती मोटारींसाठी. नियमही तेच सांगतात : तळघरात गाड्या ठेवा, पंप ठेवा, अडगळ ठेवा, राहायला मात्र जाऊ नका. पण अडगळ ही कुठल्याही मजल्यावरच्या माणसाची मूलभूत गरज. म्हणून उपनगरी माणसाने तळघर उचलून डोक्यावर घेतलं आणि त्याला माळा म्हटलं. स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या छताखालची दोन-अडीच फुटांची फट, तिला सनमायकाची दारं आणि आत एका कुटुंबाचा पुराभिलेख. आमच्या घराच्या कामाची सुरुवात त्या माळ्यापासून झाली. संपली कुठे, ते अजून नक्की नाही.

या सगळ्याला एक आंतरराष्ट्रीय बाजू आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत राहतो आणि नेमका त्याच सुमारास त्याने त्याच्या घराचं बेसमेंट नव्याने करायला घेतलं होतं. तिकडे थंडीत जमीन गोठते आणि फुगते, त्यामुळे घराचा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खणतोच आहोत तर आणखी चार-पाच फूट खणू आणि एक अख्खा मजला स्वस्तात पदरात पाडून घेऊ, असा त्यामागचा हिशेब. हिशेब इतका मुंबईकर आहे की तो अमेरिकनांना कसा सुचला याचंच नवल वाटतं. तिथल्या मराठी माणसाचं निम्मं सांस्कृतिक जीवन या तळघरांत चालतं. गणपतीचं मखर वर्षभर तिथे, पाहुण्यांच्या गाद्या तिथे, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील तिथे. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ सालची. त्याच्या अधिवेशनांत झगमगत्या रंगमंचावर जे नाटक दिसतं, त्याची पहिली तालीम बहुतेक वेळा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी झालेली असते.

तर भाऊ शनिवार-रविवार स्वतः हातोडा घेऊन काम करायचा आणि आमच्या सकाळी व्हिडिओ कॉलवर दाखवायचा. भिंत अर्धी पाडलेली, पण खाली जमिनीवर कणभर धूळ नाही. हत्यारं भिंतीवरच्या जाळीत टांगलेली, प्रत्येकाच्या मागे त्याच्या आकाराची बाह्यरेषा. जिन्याच्या तोंडाशी चेन लावलेला प्लास्टिकचा पडदा, कपडे बदलायला एक कोपरा, आणि खिडकीत एक पंखा उलटा लावलेला, म्हणजे आतली हवा बाहेर जाते आणि धूळ घरात वर चढत नाही. "ताई, सगळं रहस्य एकच," तो म्हणाला, "कामाची जागा आणि राहायची जागा वेगळी ठेवायची."

हे वाक्य त्याने ज्या क्षणी उच्चारलं, त्या क्षणी मी स्वयंपाकघरात फ्रिजवर बसवलेल्या मिक्सरवर ठेवलेल्या देव्हाऱ्याला फुलं वाहत होते. आमचं घर एक बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. कार्पेट एरिया चारशे ऐंशी चौरस फूट, माणसं चार. त्यात वेगळी ठेवायची तर एकच गोष्ट शक्य होती : कामाची वेळ आणि राहायची वेळ. तीही मिस्त्रीने मान्य केली नाही.

पण नवऱ्याने भावाचा सल्ला मनावर घेतला. तो एका कंपनीत 'प्रोसेस'मध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो, हे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला सांगता येत नाही, पण त्याला तक्ते करता येतात. त्याने घराचा नकाशा काढून लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन विभाग केले. लाल म्हणजे काम, पिवळा म्हणजे ये-जा, हिरवा म्हणजे स्वच्छ. रंगवून झाल्यावर लक्षात आलं की बाथरूमला जायचा रस्ता लाल, स्वयंपाकघर पिवळं, आणि हिरव्यात उरली फक्त सासूबाईंची कॉट. सासूबाईंनी नकाशा चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी उठायचं नाही, एवढंच ना?"

काम सुरू करण्याआधी सोसायटी. सहकारी सोसायटीच्या उपविधींप्रमाणे घरात फेरफार करायचे तर समितीची लेखी परवानगी लागते, आणि आमची समिती लेखी गोष्टींच्या बाबतीत हौशी आहे. अर्ज, मजुरांचे फोटो, परत मिळेल असं सांगितलेली अनामत, परत मिळणार नाही असं न सांगितलेलं राडारोड्याचं शुल्क, आणि अटी : काम सकाळी दहा ते सहा, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, रविवारी पूर्ण शांतता, गोण्या लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, जिना रोजच्या रोज झाडायचा. सेक्रेटरी काकांनी सही करता करता उपनगरातला सर्वात जुना प्रश्न विचारला. "रिडेव्हलपमेंट येतंय, कशाला खर्च करता?"

आमच्याकडे रिडेव्हलपमेंट येतंय त्याला आता मतदानाचं वय झालंय. सहकारी संस्थांच्या कायद्यातल्या कलम ७९-अ खालच्या २०१९ च्या निर्देशांनी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, तेव्हा वाटलं होतं की झालं. पण आमच्या सोसायटीत ५१ टक्के माणसांचं एकमत फक्त एकाच बाबतीत आहे, ते म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांमुळे काम अडलंय. त्या भरवशावर लोक नळ बदलत नाहीत, भिंती रंगवत नाहीत. 'आता काय, नव्या घरातच' म्हणत एकेकाच्या मुलांची लग्नं झाली. आम्ही बाथरूम गळत असल्यामुळे हा आशावाद परवडत नव्हता. गळतीचा कायदा साधा आहे : पावसाचं आणि बाहेरच्या सामायिक पाइपाचं पाणी सोसायटीचं, आतल्या संडास-मोरीचं पाणी सभासदाचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पडलेला डाग हा, समितीच्या मते, निर्विवादपणे आमचा होता. काकूंना त्यात श्रीलंकेचा आकार दिसायचा. काम लांबत गेलं तसा तो मादागास्कर झाला.

मग माळा उतरवला. त्यातून काय निघालं याची यादी देण्यात अर्थ नाही, प्रत्येकाच्या माळ्यावर तेच असतं. पण एका वस्तूचा उल्लेख करायला हवा : थर्माकोलचं मखर. अस्सल, कमानीदार, दोन मोरांचं. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून ते वापरता येत नाही. आणि नदी-नाल्यात जाईल म्हणून सासूबाई ते टाकूही देत नाहीत. कायद्याने आणि सद्सद्विवेकाने मिळून त्याला आमच्या माळ्यावर जन्मठेप दिली आहे. काम चालू असताना ते हॉलमध्ये सोफ्यावर बसलं होतं. आम्ही जमिनीवर.

तोडफोडीच्या पहिल्या दिवशी मला कळलं की धुळीचेही प्रकार असतात. विटांची धूळ लाल आणि बोजड, ती उडते आणि लगेच बसते. सिमेंटची करडी, ती ओली झाली की चिकटते आणि मग तिला सून म्हणून स्वीकारावं लागतं. लादी कापण्याच्या मशीनची बारीक आणि चिवट. आणि सर्वांत वरची, पुट्टी घासल्याची पांढरी धूळ. ती बसत नाहीच. तरंगत राहते, बंद दारं तिला अडवत नाहीत, बंद डबे तिला अडवत नाहीत. पीओपी आणि पुट्टीचं काम चालू होतं त्या दिवसांत आमच्या घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण थेट महाशिवरात्रीच्या मिरवणुकीत जाऊ शकला असता. नवऱ्याने भावाच्या सांगण्यावरून घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावला. त्या यंत्राने काही मिनिटं पुट्टी ओढली, एक हुंदका दिला आणि कायमचा श्वास सोडला. घरगुती यंत्राच्या कापडी पिशवीतून ही धूळ आरपार जाते. म्हणजे एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने, अधिक समान प्रमाणात, ती घरभर पसरवली जात होती.

इथे सासूबाई हिरव्या विभागातून उठल्या.

त्यांचं बालपण कोकणातल्या शेणाने सारवलेल्या घरात गेलं आहे. धूळ हा त्यांचा कौटुंबिक परिचयाचा विषय. त्यांनी बादली मागवली, बोटांनी पाणी शिंपडलं आणि मिस्त्रीला त्यांच्या खास हिंदीत समजावलं, "मिस्त्रीभाऊ, वो धूळ को पहले पाणी मारनेका, फिर झाडू मारनेका. सूखा झाडू मारा तो वो उठके हमारे नाक में बसेगा." मग सुताराकडून भुसा घेतला, तो ओला केला आणि जमिनीवर पसरून झाडायला लावला. धूळ भुशाला चिकटून निमूट सुपलीत गेली. जुनी चादर ओली करून बेडरूमच्या दारात टांगली. दारात ओलं गोणपाट टाकलं आणि हुकूम काढला की बेडरूममधून निघणाऱ्याने त्यावर पाय घासल्याशिवाय हॉलमध्ये यायचं नाही. गोण्या घरात तोंड बांधूनच बाहेर काढायच्या.

मला हे सगळं कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली होती. उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फूट उंच पत्रे, बांधकामाला हिरवं कापड नाही तर ओलं गोणपाट, तोडताना सतत पाण्याचे फवारे, साइटवरून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची चाकं धुवायची, राडारोडा झाकून न्यायचा. मी ते नवऱ्याला मोबाइलवर काढून दाखवलं. ओलं गोणपाट, फवारा, चाकं धुणं, झाकून नेणं : पत्रे सोडले तर सासूबाईंनी सगळी नियमावली लागू केली होती. फरक एवढाच की महापालिकेने ती मोडणाऱ्याला नोटीस द्यायची ठरवली होती आणि सासूबाई चहा देत नव्हत्या. अंमलबजावणी कशाने होते, हे मी त्या आठवड्यात पाहिलं. पत्र्यांची कसरही नंतर थर्माकोलच्या मखराने भरून काढली, ते दाराला आडवं लावून.

नवरा मात्र उलट्या पंख्याला धरून होता. त्याने बेडरूमच्या खिडकीत एक्झॉस्ट बसवला आणि खरोखरच चमत्कार झाला. धूळ सरळ बाहेर जाऊ लागली. तासाभराने शेजारच्या विंगमधून फोन आला. त्यांच्या खिडकीत वाळत घातलेले एका नव्या जावयाचे चार पांढरे शर्ट विटकरी झाले होते. आमचं शास्त्र बरोबर होतं, फक्त न्यू जर्सीत खिडकीबाहेर अंगण असतं आणि मुलुंडमध्ये खिडकीबाहेर दुसऱ्याची दोरी.

या कामात मला जर काही समजलं असेल तर ते हेच, की धूळ नष्ट करता येत नाही, तिची फक्त बदली करता येते. आपण ज्याला आवरणं म्हणतो ती बदलीची ऑर्डर असते. बेडरूममधून हॉलमध्ये, हॉलमधून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून जिन्यात. आणि जिन्याच्या पुढे ती आपली राहत नाही, सार्वजनिक होते. कारागिरांचीही तीच व्यवस्था. लादीवाला उत्तर प्रदेशचा, सुतार राजस्थानचा, पीओपीवाले बंगालचे, आणि प्लंबर अर्थातच ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. त्या एका जिल्ह्याने देशभराला इतके प्लंबर पुरवलेत की तिथल्या स्वतःच्या नळांची मला काळजी वाटते. चार प्रांत, चार भाषा, पण एका बाबतीत राष्ट्रीय एकात्मता : समोर पडलेला कचरा आपल्या आधी काम करून गेलेल्याचा आहे. सुतार म्हणायचा, हे सिमेंट लादीवाल्याचं. लादीवाला म्हणायचा, झिऱ्या वायरमनने मारल्या. वायरमन म्हणायचा, भिंत तर मिस्त्रीने फोडली. मिस्त्री काही म्हणायचा नाही, छताकडे बघायचा. छत बिल्डरचं.

छताचं जाऊ द्या, जमिनीने जास्त चकित केलं. हॉलच्या खिडकीखालची लादी फोडली तर खाली माती निघाली. साधी, काळी, बागेतली माती. आमची इमारत नव्वदच्या दशकातली. त्या काळच्या नकाशांत खिडकीबाहेर फ्लॉवरबेड दाखवायची पद्धत होती, कारण ते एफएसआयमध्ये मोजले जात नसत. बिल्डर फुलझाडांसाठी जागा द्यायचा, लोक ती भरून घेऊन हॉल मोठा करायचे, आणि महापालिका सोडून सगळ्यांना ते ठाऊक असायचं. २०१२ मध्ये नियम बदलले, फ्लॉवरबेड आणि बाल्कन्या मोजणीत आल्या आणि बिल्डरांचं फुलांवरचं प्रेम एका रात्रीत आटलं. आमच्या आधीच्या मालकाने घाईत मातीवरच लादी टाकली असणार. म्हणजे गेली कित्येक वर्षं आमचा टीव्ही शेवंतीच्या वाफ्यावर उभा होता. सासूबाईंनी ती माती मात्र राडारोड्यात जाऊ दिली नाही. कढीलिंबाच्या कुंडीत घातली. फ्लॉवरबेडचा मूळ हेतू तीस वर्षांनी का होईना, थोडाफार सफल झाला.

बाथरूमचं काम सर्वांत मोठं. जुन्या पद्धतीत बाथरूमचा स्लॅब फूट-दीड फूट खाली सोडलेला असतो, त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट भरतात, त्याला कोबा म्हणतात. तो सगळा उकरायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, मग पाणी भरून दोन-चार दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन वर बघायचं. त्या दिवसांत आमचं एकुलतं एक बाथरूम हे तलाव होतं. आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे जायचो. उपनगरात माणुसकी उरली आहे का, असं कुणी विचारलं तर मी त्यांना सांगेन की आमच्या शेजाऱ्यांनी गीझर लावून ठेवला होता. खालच्या काकू रोज संध्याकाळी आम्हाला बोलावून मादागास्कर दाखवायच्या आणि आम्ही चौघं, मिस्त्रीसकट, मान वर करून तो वाढला की नाही यावर गंभीर चर्चा करायचो. चौथ्या दिवशी मिस्त्रीने त्याच्याकडे बोट करून जाहीर केलं, "ये पुराना है."

आता राडारोडा. मजूर त्याला रॅबिट म्हणतात आणि तो सशाइतक्याच वेगाने वाढतो. तो गोण्यांत भरून जिन्याच्या खाली रचला. कंत्राटदाराने सांगितलं, टेंपो रात्री येईल.

"कहाँ लेके जायेगा?" नवऱ्याने विचारलं.

"आगे."

"आगे कहाँ?"

"आगे मतलब आगे, साहब."

मुंबईत हे 'आगे' कुठे असतं ते पूर्व द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. खाडीकाठच्या तिवरांच्या कडेला एक दिवस एक ढीग असतो, मग दहा, मग त्यावर रस्ता होतो, मग गॅरेज. तसं हे शहरच भरावावर उभं आहे, सात बेटांच्या मधला समुद्र बुजवून. मालाडला चिंचोली बंदराच्या बाजूला एके काळी कचऱ्याचं मैदान होतं, आज तिथे काचेच्या इमारतींत माणसं गळ्यात ओळखपत्रं घालून बसतात. आमच्या मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड १९६७ ला सुरू झालं आणि २०१८ ला बंद झालं. म्हणजे इथल्या दोन पिढ्यांना वारा कुठून येतोय हे बघायला घराबाहेर पडावं लागत नव्हतं. अशा गावात राहून टेंपो रात्री 'आगे' पाठवणं नवऱ्याच्या प्रोसेसमध्ये बसेना. त्याने महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' योजना शोधून काढली. घरच्या छोट्या दुरुस्तीचा ५०० किलोपर्यंतचा राडारोडा पालिका फुकट नेते, त्यापुढे टनावर पैसे. तो दहिसरच्या किंवा शिळफाट्याजवळच्या प्रकल्पात जातो. प्रत्येकाची क्षमता दिवसाला ६०० टन, तिथे तो दळून त्यातून पुन्हा बांधकामाला चालणारा माल करतात.

५०० किलो ऐकून आम्ही निर्धास्त झालो. मग नवऱ्याने हिशेब मांडला. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला जवळजवळ दोन टन. साडेचार इंची भिंतीत सात बाय तीन फुटांचं एक दार पाडलं, की गिलाव्यासकट झाले ५०० किलो. म्हणजे पालिका आपल्याला एक दार फुकट देते. आम्ही तर अख्खं बाथरूम, ओटा आणि शेवंतीचा वाफा काढून बसलो होतो. पैसे भरले. गाडी दिवसाढवळ्या, झाकून आली आणि गेली. सेक्रेटरी काकांनी पावतीची प्रत मागून घेतली आणि राडारोड्याचं सोसायटीचं शुल्क परत करण्याच्या प्रश्नावर त्यांना एकदम फोन आला.

गंमत म्हणजे, या सगळ्या काळात आमच्या घरातली सर्वांत स्वच्छ जागा सासूबाईंची कॉट नव्हती. ती होती बेडरूमच्या कोपऱ्यातली, जिथे मजूर दुपारी जेवायला बसायचे. दीड वाजला की मिस्त्री ओल्या फडक्याने चार फुटांचा गोल पुसून घ्यायचा, सिमेंटची रिकामी गोणी उलटी करून अंथरायचा, डबे मधोमध. जेवण झालं की पुन्हा पुसायचा. त्या गोलाबाहेर भूकंप झाल्यासारखी अवस्था, आत भाताचं शीतही नाही. संध्याकाळी निघण्याआधी थापी, रंधा, ओळंबा सगळं धुऊन-पुसून फडक्यात. नवऱ्याच्या तिरंगी नकाशाला जे साधलं नाही, ते हा माणूस रोज करत होता, आणि त्याने ते प्रोसेस म्हणून कुणाला सांगितलंही नव्हतं. सासूबाईंनी ते पाहिलं त्या दिवसापासून त्याच्या चहात आलं पडायला लागलं.

हत्यारांत त्याचा जीव होता तो लेव्हलवर. पिवळी, दोन फुटी, मधल्या नळीत हिरवा बुडबुडा. प्रत्येक लादीवर ती ठेवून, डोळा बारीक करून बघायचा. नवऱ्याने एकदा गमतीने विचारलं, सगळं सपाट आहे ना? त्यावर तो दुखावला. "साहब, हमारा काम गोखले ब्रिज नहीं है." अंधेरीचा तो पूल २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा उघडला तेव्हा त्याच्यात आणि शेजारच्या बर्फीवाला पुलात एक मीटरहून जास्त उंचीचा फरक निघाला होता. दोन्ही पूल जोडायला नंतर महिने लागले. मुंबईतल्या प्रत्येक लादीवाल्याला त्या दिवसांत स्वतःबद्दल जरा बरं वाटलं असणार.

काम संपलं. म्हणजे मिस्त्रीने तसं सांगितलं. माळ्याची नवी दारं लागली, सनमायका 'आयव्हरी', जो भावाने व्हिडिओवर पाहून पांढरा म्हटला आणि नवऱ्याने त्याला दुरुस्त केलं. मखर सर्वांत मागे, त्याच्या पुढे पाळणा, त्याच्या पुढे गाद्या, त्याच्या पुढे मेलेला व्हॅक्यूम क्लीनर, कारण तो दुरुस्त होईल असं नवऱ्याला वाटतं. एकेक वस्तू चढवायला अख्खा रविवार गेला. पुट्टीची धूळ अजून सापडते : घड्याळाच्या काट्यांमागे, फ्रिजच्या रबरात, आणि एकदा तर घट्ट झाकणाच्या डब्यातल्या चकलीवर. सासूबाई म्हणाल्या, पिठीसाखर असेल. खाल्ली कुणीच नाही.

परवा मिस्त्रीचा फोन आला. आवाज हळवा होता. घाटकोपरला नवं काम लागलं होतं आणि त्याची लेव्हल कुठे मिळत नव्हती.

"भाभी, आपके माळे पे रह गई होगी. एकदम पीछे. वो मखर है ना, उसके पीछे रखा था, कोई पाँव न दे इसलिए."

मी माळ्याच्या बंद दारांकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं, आणि मान हलवली. मी फोनवर विचारलं की रविवारी येऊन सगळं उतरवाल का, आणि परत चढवूनही द्याल का.

पलीकडे बराच वेळ विचार झाला.

"रहने दो भाभी," तो म्हणाला. "अगली बार काम करने आयेंगे तब ले लेंगे."